शेवंताचं सारवण

मराठीच्या पाठ्यपुस्तकांत माणसं फार मरतात. जामखेडच्या कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं कथेचा पेपर माझ्याकडे होता. जूनमध्ये नवी मुलं बाकांवर येऊन बसायची आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी त्यांच्यासमोर पाच-सहा जणांना मारून मोकळी झालेली असायचे. कुणाचा बाप जायचा, कुणाचं तान्हं मूल. एका कथेत तर नुसता बैल होता, पण मुलं सगळ्यांत जास्त त्याच्यासाठी हळहळायची. मग परीक्षेत प्रश्न यायचा: अमक्या घटनेनंतर तमक्या पात्राच्या मनाची अवस्था स्पष्ट करा. पाच गुण.

कथा शिकवणं म्हणजे गोष्ट वाचून दाखवायची आणि पगार घ्यायचा, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. तसं नसतं. आम्ही मुद्दे देतो. पात्र रडलं तर ते हळवं. रडलं नाही तर बधिर. हसलं तर मनाचा तोल गेलेला. मुलं हे मुद्दे वहीत उतरवतात, पाठ करतात, पेपरात लिहितात आणि आम्ही लाल पेनानं त्यांच्यावर बरोबरच्या खुणा करतो. एकाच बाईचं दुःख दीडशे मुलांनी दीडशे पेपरांत त्याच चार ओळींत लिहिलेलं मी वाचलं आहे. मला त्याचा कंटाळा यायचा, पण वेगळं कुणी लिहिलं की पेन अडखळायचं. बाहेरून परीक्षेला बसलेल्या एका एस.टी. कंडक्टरनं त्या बैलाच्या कथेवर लिहिलं होतं, की शेतकरी गप्प बसला कारण त्याला भूक लागली होती आणि भूक लागल्याची लाज वाटत होती. मी त्याला एक गुण दिला होता. तो कंडक्टर पुढं कधी भेटला नाही. भेटायला हवा होता.

निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून मी रविवारचे वर्ग घ्यायला लागले. ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं आणि आता घर-काम सांभाळून ज्यांना बी.ए. करायचं आहे, अशांसाठी ते वर्ग होते. पतपेढीतला शिपाई, दोन होमगार्ड, टेलरिंग करणाऱ्या तिघी बहिणी. सगळे आठवडाभराचे दमलेले. पंख्याखाली बसले की डोळे मिटायचे आणि मी आवाज चढवायचे नाही. झोपेतसुद्धा गोष्ट ऐकू येते, असा माझा समज आहे.

तिथंच द्वारका आली. वय सदतीस-अडतीस असेल. जामखेडपासून आठ-नऊ किलोमीटरवर एका वस्तीवर सासू आणि मुलीबरोबर राहायची, अंगणवाडीत मदतनीस होती. त्याआधी दहा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात होती आणि नवरा गेला होता, एवढं प्रवेशाच्या फॉर्मवरून मला कळलं होतं. भिंतीकडच्या बाकावर बसायची. प्रश्न विचारायची नाही. अक्षर मोठं आणि गोल, पहिलीच्या मुलांना गिरवायला दिल्यासारखं.

त्या वर्षीपर्यंत अभ्यासाला एक छोटी कथा होती. आता ती काढून टाकली आहे. शेवंता नावाची बाई अंगण सारवत असते. शेजारचा माणूस येऊन सांगतो, तुझा नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. शेवंता मान वर करते, ऐकून घेते आणि परत सारवायला लागते. सगळं अंगण तुळशीपर्यंत सारवते, हात धुते, पदर खोचते आणि त्या माणसामागून चालायला लागते. कथा संपली. मी वर्षानुवर्षं मुद्दा दिला होता: आघातामुळे शेवंताचं मन बधिर झालं आहे.

चाचणीत द्वारकेनं लिहिलं: "शेवंता बधिर झालेली नाही. तिला सगळं कळलं आहे. सारवण संपलं की ती विधवा होणार आहे. अंगण ओलं आहे तोपर्यंत ती बायकोच आहे. म्हणून ती हात हळू चालवते."

मी तिला पाचपैकी दोन दिले आणि बाजूला लिहिलं, पाठाचा आधार द्या. तिनं पेपर घेतला, शेरा वाचला, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

त्यानंतरचा तिसरा रविवार. फेब्रुवारी होता. मी तीच कथा उजळणीसाठी घेतली होती. अकराच्या सुमारास टेबलावरचा मोबाईल थरथरला. पुणतांब्याहून भाच्याचा, विजयचा, मेसेज होता. आक्का गेली, एवढंच.

आक्का माझी मोठी बहीण; तिची मुलंही तिला आक्काच म्हणायची. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि आक्का नुकती लग्न होऊन गावातल्या गावात नांदायला गेली होती. तिनं मला कडेवर घेतलं आणि सासरी नेलं. सासरची माणसं चांगली होती, काही बोलली नाहीत. मी तिच्या घरात वाढले, गोदावरीच्या घाटावर तिच्या पाठीशी बसून न्हाले, तिच्या जुन्या पातळांचे परकर नेसले. तिला मी कधी आई म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं की नको, हे आम्हां दोघींनाही कधी कळलं नाही.

मी मेसेज वाचला आणि मोबाईल उपडा ठेवला. मग शिकवायला लागले.

त्यानंतरचा तास मला पाण्यातून पाहिल्यासारखा आठवतो. खिडकीतून फळ्यावर उन्हाचा एक पट्टा पडला होता आणि खडूची धूळ त्यात सावकाश फिरत होती. होमगार्डपैकी एक जण झोपला होता, त्याची टोपी बाकावरून खाली सरकत होती आणि ती पडेल म्हणून मी वाट बघत होते. माझा आवाज मला ऐकू येत होता. तो चांगला होता. शेजारचा माणूस अंगणाच्या कडेला येतो, तो परिच्छेद मी वाचला. मग एका बहिणीला वाचायला सांगितला. मग पतपेढीतल्या शिपायाला. तोच परिच्छेद तीनदा झाला. बारा वाजले, घंटा नव्हतीच, पण लोक वह्या आवरायला लागले. मी म्हटलं, अजून एक मुद्दा राहिलाय. आणि फळ्यावर उगाच काहीतरी लिहिलं, अगदी सावकाश, एकेक वेलांटी काढत.

शेवटी वर्ग रिकामा होत गेला. मी डस्टर घेऊन फळा पुसत होते. मागं भिंतीकडचा बाक वाजला नाही म्हणून वळून पाहिलं, तर द्वारका जागेवरच बसलेली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "कोन गेलं?"

मी डस्टर खाली ठेवला.  मी मोबाईल तिच्यापुढं धरला. तिनं वाचलं. मग तिनं माझी पर्स उचलली, छत्री उचलली, वर्गाच्या दाराला कडी लावली. वस्तीवर फोन करून मुलीला सांगितलं, की मी मॅडमसंगं जाती, आज येनार न्हाई, आज्जीला जेवू घाल. मी नको म्हणाले. तिनं ते ऐकलंसुद्धा नाही. अर्ध्या तासानं आम्ही दोघी एस.टी.त होतो.

जामखेडहून नगर, नगरहून श्रीरामपूर आणि पुढं पुणतांबा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण स्टँडवर कंडक्टर अजून नगर-नगर असंच ओरडतो. मी खिडकीशी बसले होते. बाहेर ज्वारीची काढणी चालली होती, कणसं खुडणाऱ्या बायका, कडब्याचे रचलेले बुचाडे, मग नुसतं माळरान. मला झोप येत नव्हती आणि जागही नव्हती. मधूनच वाटायचं, की आपण सुट्टीला निघालोय, आक्का ओट्यावर उभी असेल. मग द्वारका पाण्याची बाटली पुढं करायची आणि मी परत त्या बसमध्ये यायचे.

नगरच्या पुढं, राहुरी मागं पडल्यावर, आमची गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली. दोन ट्रॉल्या, वरपर्यंत रचलेल्या, हेलकावे खात चाललेल्या. रस्ताभर उसाचा चिकट गोड वास. दोन्ही बाजूंनी हिरवागार पाटपाण्याचा मुलूख. द्वारका त्या ट्रॉलीकडं बघत होती.

"इकडं लई पानी हाय," ती म्हणाली.  आणि मग बोलायला लागली, माझ्याकडं न बघता.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. नऊ वर्षांपूर्वी ती दोघं पश्चिमेकडच्या एका कारखान्यावर होती. माघाची थंडी सरून ऊन तापायला लागलं होतं. दुपारी फड जवळजवळ संपला होता, ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉली अर्धी भरली होती. नवरा म्हणाला, जरा टेकतो. बांधावर बसला तो आडवा झाला आणि उठला नाही. माणसं धावली, कुणी छाती चोळली, कुणी मुकादमाला फोन लावला. कुणीतरी म्हणालं, गेला.

"आन मी काय केलं, मॅडम? मोळ्या पडल्या हुत्या आमच्या. एकोनीस मोळ्या. मी उचलल्या आन ट्रॉलीत चढवायला लागले. फळीवरनं वर जायची, टाकायची, खाली यायची. बाया वरडत हुत्या, मला धरत हुत्या. मी हात सोडवून घ्यायची. एकोनिसावी मोळी टाकली आन मंग त्याच्यापाशी जाऊन बसले."

ही गोष्ट तिच्या आधी गावी पोहोचली. नवरा मरून पडला आणि ही ऊस भरत होती. दगडाची बाई. सासू तिच्याशी वागायला वाईट नव्हती, एका घरात राहत होत्या, सुख-दुःख वाटून घेत होत्या. पण त्या दिवसाबद्दल म्हातारीनं नऊ वर्षांत एक शब्द काढला नव्हता. मुलाचं नावही घेतलं नव्हतं. द्वारकेनंही तो विषय काढला नव्हता. तिला स्वतःलाच कळत नव्हतं, की आपण असं का केलं. आपण खरंच दगडाच्या असू, असं तिनं धरून टाकलं होतं.

"मंग तुमी ती शेवंता वाचून दाखवली," ती म्हणाली. "तवा मला कळलं."

 मी विचारलं, मग पेपरात हे का नाही लिहिलंस.

"तुमीच सांगितलं हुतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "सोताचं काय लिवू नका, पाठातलंच लिवा."

हे मी खरंच सांगत असे. दर वर्षी, पहिल्याच तासाला. मी तिचा हात धरला आणि चुकले म्हणाले. ती म्हणाली, असू द्या. बेलापूरच्या अलीकडं रस्ता रुंद झाला आणि आमच्या गाडीनं त्या ट्रॉल्यांना मागं टाकलं.

श्रीरामपूरला विजय जीप घेऊन आला होता. पुणतांब्यात पोहोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. घरासमोर माणसं जमली होती, बांबू, मडकं, सगळी तयारी झालेली. माझ्यासाठी थांबले होते. सूर्य मावळायच्या आत न्यायचं असं ठरलेलं, त्यामुळं मी दिसताच पुरुष उठले. बायकांनी आक्काला अंघोळ घातली होती, हिरव्या काठाचं पांढरं लुगडं नेसवलं होतं. तिचे केस मात्र ओले होते आणि तसेच मोकळे पडले होते.

मी तिच्या उशाशी बसले आणि कोनाड्यातली फणी घेतली.

आक्काचे केस शेवटपर्यंत दाट होते. पांढरे, पण दाट. लहानपणी घाटावरून आल्यावर ती माझी वेणी घालायची, तेव्हा एकही केस ओढला जायचा नाही. मी तिच्या केसांतला गुंता सोडवायला लागले. टोकाकडून वर, थोडे थोडे केस हातात घेऊन. बाहेरून कुणीतरी म्हणालं, चला, उशीर होतोय. एका म्हातारबाबांनी आत येऊन मला सांगितलं, की बाई, आता कशाला. मला ऐकू येत होतं, पण ते फार लांबून, नदीच्या पल्याडून बोलल्यासारखं.

तेव्हा द्वारका उठून दारात जाऊन उभी राहिली. तिला त्या गावात कुणी ओळखत नव्हतं. ती कोण, हे विचारायलाही कुणाला सुचलं नव्हतं. ती त्या सगळ्या पुरुषांना म्हणाली, "थांबा जरा. अजून उजेड हाय."

इतकंच. आवाज मोठा नव्हता. पण माणसं थांबली. कुणी परत ओट्यावर टेकलं, कुणी तंबाखू काढली. म्हातारबाबा बाहेर गेले. घरात बायकांचं रडणंही हळू झालं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आक्काच्या कपाळावर आलं होतं. मी सगळा गुंता सोडवला. भांग पाडला. वेणी घातली, तीन पेडांची, ती माझी घालायची तशी, आणि शेवटाला पांढरा दोरा बांधला. आयुष्यात इतकं निवांत काम मी दुसरं केलेलं नाही. दोरा बांधून झाला आणि मग मला रडू आलं. मग मी विजयला हाक मारून म्हटलं, न्या.

द्वारका तिथं दोन दिवस राहिली. चूल तिनंच सांभाळली. तिसऱ्या दिवशी तिला विजयनं श्रीरामपूरच्या गाडीत बसवून दिलं आणि मी दहाव्यापर्यंत राहिले.

जामखेडला परत आल्यावर पुढच्या रविवारी तिनं मला वस्तीवर जेवायला बोलावलं. म्हणाली, येताना पुस्तक घिऊन या. का, ते सांगितलं नाही. मी गेले. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, बाजूला कडुलिंबाचं झाड. तिची सासू झाडाखाली बसून तूर निवडत होती. वाळलेली, काटक म्हातारी, ऐकू कमी येणारी. द्वारका मला तिच्यासमोर बसवून म्हणाली, की मॅडम, आत्याला ती गोष्ट वाचून दावा. आणि स्वतः आत, दारासमोरच्या चुलीपुढं जाऊन बसली, आमच्याकडं पाठ करून.

इतक्या वर्षांत मी ती कथा किती वेळा वाचली असेल, मोजलेलं नाही. पण मुद्द्यांशिवाय ती पहिल्यांदाच वाचत होते. मोठ्यानं वाचावं लागत होतं. म्हातारीची बोटं तुरीतून फिरत राहिली. शेजारचा माणूस अंगणात आला तेव्हा बोटं थांबली. शेवंता परत सारवायला लागली तेव्हा म्हातारीनं सूप खाली ठेवलं. मी शेवटपर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटलं.

 लिंबाचा वाळका पाला खाली पडत होता. आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. म्हातारी चुलीच्या दिशेनं बघत होती, सुनेच्या पाठीकडं.

"द्वारके," ती म्हणाली, "त्याला पानी मिळालं हुतं का गं?"

द्वारका वळली. हाताला पीठ तसंच होतं. ती उठून बाहेर आली आणि सासूच्या समोर, मातीत, मांडी घालून बसली.

"व्हय, आत्या," ती म्हणाली. "टेकला तवा मीच पाजलं. दोन घोट पेला. गार हाय म्हनला."

म्हातारीनं मान हलवली. गार होतं का, असं तिनं परत विचारलं. द्वारकेनं परत सांगितलं. मग कळशी कुठली होती, पाणी कुणाच्या विहिरीचं होतं, सकाळी त्यानं काय खाल्लं होतं, अंगावर शर्ट कुठला होता, असं म्हातारी एकेक विचारत राहिली आणि द्वारका एकेक सांगत राहिली. तव्यावरची भाकरी जळल्याचा वास आला, तेव्हा मी उठून आत गेले आणि ती उलटली.